नकारमामांनी नापास केलेली गाडी

नकारमामा हे नाव आपल्याला कुणी दिलं, ते मामांनी कधी शोधलं नाही. ते म्हणायचे, "शोधून काय करू? सत्कार करू त्याचा?"

त्यांचा धंदा साधा होता. जुनी गाडी घेणाऱ्याच्या बाजूने ती गाडी तपासायची. विकणाऱ्याशी नातं नाही, दलालाचा चहा नाही. गाडी बघायची आणि जे दिसेल ते सांगायचं. बहुतेक वेळा सांगण्यासारखं एकच असायचं. नको.

शहरात हे काम करणारे दोघे. दुसरे चालेलकाका. पूर्वी दोघांचं मिळून एक गॅरेज होतं. एका गाडीवरून वाद झाला. एक म्हणाला नको, दुसरा म्हणाला चालेल, आणि गॅरेज बंद पडलं. त्यानंतर गिऱ्हाइकांची वाटणी आपोआप झाली. ज्यांनी गाडी घ्यायचं आधीच ठरवलेलं असे, ते काकांकडे जात. ज्यांच्या बायकांनी ती घ्यायची नाही असं ठरवलेलं असे, ते मामांकडे येत. नवरा पुढे, बायको मागे. मामा गाडीच्या खालून बाहेर यायचे, हात पुसायचे आणि मान हलवायचे. बाई नवऱ्याकडे बघायच्या. नवरा जमिनीकडे बघायचा.

"मी गाड्या तपासत नाही," मामा मित्रांना सांगत. "मी संसार वाचवतो. फी मात्र गाडीची घेतो. इथे माझं नुकसान होतं."

स्वतः मामांची गाडी करड्या रंगाची, लहान, चार दारांची होती. तिच्यात काही दोष नव्हता. घ्यायच्या आधी त्यांनी ती इतके दिवस तपासली होती, की मालकाला वाटलं हे भाड्याने राहायला आलेत. रस्त्यात तिच्याकडे वळून कुणी पाहिलं नव्हतं. एकदा सिग्नलला एका म्हाताऱ्या बाईने पाहिलं, पण तिला रिक्षा हवी होती.

मामी चष्म्याच्या दुकानात नजर तपासायच्या. लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत, "हे नीट दिसतंय, की हे?" असं दिवसभर विचारायच्या. घरी येऊन तोच प्रश्न त्या मामांना वेगवेगळ्या विषयांवर विचारत. मामांचं उत्तर ठरलेलं. दोन्ही सारखंच दिसतंय.

अशा माणसाच्या आयुष्यात ती निळी गाडी आली. ती आणली त्यांच्या दातांच्या डॉक्टरने.

डॉक्टर तरुण होती. मामांची खालची दाढ तिच्या ताब्यात होती. रूट कॅनाल अर्धं झालं होतं, वर तात्पुरतं सिमेंट होतं. त्या दिवशी तिने हातमोजे काढता काढता विचारलं, "मामा, माझ्यासाठी एक गाडी बघाल?"

"बघू की. कसली?"

"स्पोर्ट्स कार. जुनी आहे, पण दोनच सीटची."

मामांनी चूळ भरली. जरा जास्तच वेळ भरली. "दोन सीटची कशाला, डॉक्टर? सामान कुठे ठेवणार?"

"सामान नाहीच ठेवायचं. आणि माणसंही." तिने मास्क खाली केला. "माझ्या घरात आई, आत्या, दोन भाऊ, वहिनी आणि भाची. सगळ्यांना सकाळी कुठे ना कुठे सोडायचं असतं. 'जाता जाता सोड गं.' माझं क्लिनिक पूर्वेला, आत्याचा योगवर्ग पश्चिमेला. हे कसलं जाता जाता? मागची सीटच नसली की प्रश्न मिटला. कधीपासून पैसे साठवतेय. तुम्ही हो म्हणालात तर घेते."

"आणि नको म्हणालो तर?"

"तर नको. म्हणून तर तुम्हाला विचारतेय. चालेलकाकांना विचारून काय उपयोग? ते भंगारालासुद्धा चालेल म्हणतील."

मामा मनातून फुलले. माणूस कौतुकाने फुलला की त्याचं पुढे काय होतं, हे त्यांना गाड्यांच्या बाबतीत ठाऊक होतं. ट्यूब जास्त फुगली की फुटते. स्वतःच्या बाबतीत हा नियम लागू असेल, असं त्यांच्या डोक्यात आलं नाही.

गाडी एका फर्निचरवाल्या शेठची होती. म्हणजे त्यांच्या मुलाची. मुलगा परदेशात गेला, गाडी इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये राहिली. शेठ स्वतः टेम्पोतून फिरणारे. त्यांना ती गाडी म्हणजे कुणीतरी सांभाळायला देऊन गेलेल्या पाहुण्यासारखी वाटे. जेवत नाही, बोलत नाही आणि जागा अडवते.

मामांचा एक नियम होता. गाडीला पहिली फेरी मारताना हात पाठीमागे बांधायचे. हात लागला की माणूस पाघळतो. आधी डोळ्यांनी सगळं बघायचं. दारांच्या फटी सारख्या आहेत का, चारही टायर एकाच वयाचे आहेत का, काचांवरचे आकडे जुळतात का. मग हात.

गाडी गडद निळी होती. सावलीत काळी वाटणारी, दिवा पडला की निळी होणारी. मामांनी हात मागे बांधले आणि फेरी सुरू केली. पुढचा दिवा, पुढचं चाक. दारापाशी आले. दारामागे पत्रा जिथे जरा फुगतो आणि चाकावरून खाली उतरतो, तिथे ते थांबले.

आणि त्यांनी हात लावला.

कुणी पाहिलं नव्हतं. डॉक्टर शेठशी बोलत होती. मामांनी हात पटकन मागे घेतला, देवळात चोरी करताना घंटा वाजावी तसा.

पुढची तपासणी त्यांनी नेहमीसारखी केली. म्हणजे तसं त्यांना वाटलं. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र पत्र्यावर ठेवत गेले. मागच्या डाव्या बाजूला आकडा वाढला. तिथला रंग पुन्हा मारलेला होता. अशा वेळी पुढचं काम ठरलेलं असतं. डिकीतला गालिचा उचलायचा, स्टेपनी बाहेर काढायची आणि आतून पत्रा बघायचा. वेल्डिंग असेल तर मार मोठा आहे. नसेल तर रंग फक्त वरवरचा आहे. हे ते झोपेतही सांगू शकले असते.

पण तेवढ्यात डॉक्टर म्हणाली, "आधी चालवून बघू या ना."

शहराबाहेरच्या सरळ रस्त्यावर मामा गाडी चालवत होते. शेजारी डॉक्टर. गाडी इतकी खाली होती, की शेजारून जाणाऱ्या स्कूटरवाल्याच्या चपला त्यांना दिसत होत्या. मामांनी गिअर बदलला. मागून एक आवाज आला. गंभीर, भरलेला, चांगल्या गवयाने पहिला सूर लावावा तसा. या आवाजात आपल्याला काय ऐकायचं होतं, ते मामा विसरले.

परत येऊन त्यांनी गाडी जागेवर लावली. दार उघडून बाहेर पडायला त्यांना तीन टप्पे लागले. आधी पाय, मग कंबर, मग इभ्रत.

"काय मामा?" डॉक्टरने विचारलं. तिचा चेहरा निकाल लागायच्या दिवशीच्या मुलीसारखा झाला होता.

"नको," मामा म्हणाले.

जांभई यावी तसा तो शब्द आला. ठरवून नाही. पुढचं मात्र त्यांनी ठरवून जोडलं. "मागून मार खाल्लेली आहे. रंग दुसऱ्यांदा मारलाय."

"अहो काय बोलता!" शेठ कळवळून म्हणाले. "गेटला घासली होती पोरानं. तेवढंच."

"शेठ, मी बघतो त्या सगळ्या गाड्या गेटलाच घासलेल्या असतात. या शहरात गेटांनी फार धुमाकूळ घातलाय."

डॉक्टर हसली नाही. तिने गाडीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "ठीक आहे मामा. तुम्ही म्हणालात ना." मग ती रिक्षाने क्लिनिकला गेली.

मामा करड्या गाडीत बसले. डिकीतला गालिचा आपण उचलला नाही, हे त्यांना तेव्हाच आठवलं. उतरून परत जाता आलं असतं. पार्किंग चार पावलांवर होतं. ते उतरले नाहीत.

पुढचे काही दिवस मामांचं कामात लक्ष नव्हतं. एका बाईंनी नवऱ्याला आणलं, मामा गाडीखाली गेले आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत. बाईंना वाटलं, चक्कर आली. ते तिथे पडून निळ्या गाडीचा विचार करत होते. शेठच्या इमारतीवरून त्यांचा रस्ता जात नव्हता, तरी जायला लागला. मग एक दिवस त्यांनी शेठना फोन केला.

"विकली का?"

"कोण घेणार? तुम्हीच म्हणालात मार खाल्लेली. आता मी कुणाला कसं सांगू नाही म्हणून? किंमत उतरवली मी."

"मग मी घेतो," मामा म्हणाले.

"मार खाल्लेली गाडी? तुम्ही?"

"मी दुरुस्त करून घेईन. माझं कामच ते."

फोन ठेवल्यावर मामांनी आपला घाम पुसला. एवढ्या वर्षांत त्यांनी दलालांच्या शेकडो थापा पकडल्या होत्या. इतकी सफाईदार त्यातली एकही नव्हती. त्यांना क्षणभर धंदा चुकल्यासारखं वाटलं.

मामींना सांगणं भाग होतं. संध्याकाळी मामी जेवणाची भांडी घासत होत्या, मामा पुसत होते. तेच ताट ते तिसऱ्यांदा पुसायला लागले तेव्हा मामी म्हणाल्या, "बोला."

मामांनी सांगितलं. गाडीबद्दल बरंच सांगितलं, डॉक्टरबद्दल थोडं.

"थांबा," मामी म्हणाल्या. "ही तीच ना, जी त्या पोरीला नको म्हणालात?"

"तिला नकोच होती. तिच्या दृष्टीने."

"आणि तुमच्या दृष्टीने हवी?"

"मी जाणकार आहे. मला चालते."

मामींनी नळ बंद केला. "अहो, आमच्याकडे काही पेशंट येतात. चष्मा लागू नये म्हणून भिंतीवरचा तक्ता पाठ करून येतात. मी खालची ओळ विचारली की धडाधड म्हणतात. पण मी मधेच तक्ता बदलला की गप्प. तुम्ही गाडी तपासलीत, का उत्तर पाठ करून गेलात?"

"तपासली. रंगाची जाडी—"

"सगळी तपासलीत?"

मामा ताट पुसू लागले.

"अहो, ते ताट झिजेल." मामींनी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. "गाडी घ्यायला माझी हरकत नाही. या वयात तुम्हाला काहीतरी आवडलं, हेच नवल. पण दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यायची. स्वतःची गाडी स्वतः तपासायची नाही, हे जगाला कोण सांगतं?"

"मी."

"मग?"

"मग त्याला बोलवावं लागेल."

"बोलवा की चालेलकाकांना. जीव जातो का?"

"थोडासा जातो," मामा म्हणाले.

चालेलकाका शेठच्या पार्किंगमध्ये आले ते हसतच. पोट पुढे, हत्यारांची पेटी मागे. "ऐकलं ते खरं का रे? तू गाडी घेतोयस? आणि तीसुद्धा स्पोर्ट्स? सूर्य कुठून उगवला आज?"

"काम कर," मामा म्हणाले. आत त्यांना बरं वाटत होतं. काका एक फेरी मारतील, टायरवर लाथ मारतील, चालेल म्हणतील, मामींची अट पुरी होईल. उभ्या शहरात ज्या होकाराची ते टर उडवत आले, तोच आता त्यांना हवा होता. याची गंमत त्यांनाही कळली. त्यांनी ती बाजूला ठेवली.

पण काका टायरला लाथ मारेनात. त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. पेटीतून चुंबक काढलं, टॉर्च काढला. गाडीखाली शिरले, तेव्हा फक्त त्यांचं पोट बाहेर राहिलं. शेठ बघून बघून कंटाळले आणि वर दुकानात गेले. सकाळ सरत आली.

"एवढं कशाला?" मामा म्हणाले. "तू तर नेहमी लगेच चालेल म्हणतोस."

"लोकांना म्हणतो," गाडीखालून आवाज आला. "तुला उगाच म्हणालो आणि काही निघालं, तर तू मला स्मशानापर्यंत ऐकवशील. तिथेही थांबायचा नाहीस."

मग काकांनी डिकी उघडली. गालिचा उचलला, स्टेपनी बाहेर काढली आणि टॉर्च आत धरून वाकले. मामा खांबाला टेकून उभे राहिले.

काका वर उठले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "पत्रा मूळचा आहे रे. वेल्डिंग नाही, पुट्टी नाही, काही नाही. बाहेरून घासली, कुणी चांगल्या माणसानं रंग मारला, संपलं. इंजिन तर... मी आयुष्यात इतक्यांना चालेल म्हणालो, पण आज पहिल्यांदा म्हणताना लाज वाटत नाहीये." त्यांनी हात पुसले. "कुठलं गाढव हिला मार खाल्लेली म्हणालं?"

मामा खांबाकडे बघत राहिले. खांबावर कुणीतरी गाडीच्या आरशाने ओरखडा काढला होता.

"तू?" काका म्हणाले.

"मी."

"कुणासाठी तपासलीस?"

"माझ्या दातांच्या डॉक्टरसाठी."

"आणि आता तू घेतोयस."

मामांना वाटलं, आता हा हसेल. पोट धरून हसेल आणि उद्या सगळ्या गॅरेजांत सांगेल. त्यांनी तयारीही केली. पण काका हसले नाहीत. त्यांनी पेटी बंद केली आणि तिच्यावरच बसले.

"मला एक सांग," ते म्हणाले. "माझं चालेल लोक का ऐकतात?"

"त्यांना तेच ऐकायचं असतं म्हणून."

"ते आहेच. पण आणखी एक आहे. त्यांना ठाऊक असतं की गाडी खरंच वाईट असती तर तू बोंबलला असतास. मी तुला शिव्या देतो, पण तू नको म्हणालेली गाडी मी कधी कुणाच्या गळ्यात मारली नाही. एकही नाही. तुझं नको आहे म्हणून माझं चालेल चालतं रे. आता तेच असं निघालं तर मी काय करू?"

मामांना वाटलं, हसला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दाढेची वेळ होती. मामांनी ठरवलं, खुर्चीत बसायच्या आधी सांगायचं. वाटेत त्यांनी वाक्यही तयार केलं. "डॉक्टर, त्या दिवशी माझ्याकडून जरा घाई झाली." वाक्य चांगलं होतं. त्यात घाईचा दोष होता, मामांचा नव्हता.

पण क्लिनिकमध्ये गर्दी होती. डॉक्टरने त्यांना बघताक्षणी खुर्ची दाखवली. मामांनी तोंड उघडलं ते बोलायला. तिला वाटलं इंजेक्शनला. अर्धा जबडा बधिर झाला आणि तयार केलेलं वाक्य आत राहिलं.

"दुखलं तर हात वर करा," डॉक्टर म्हणाली आणि तिने काम सुरू केलं. कामात ती बोलायची. "मामा, खरं सांगू? त्या दिवशी रिक्षात मला रडूच आलं. इतकी आवडली होती. पण म्हटलं, मामा नको म्हणाले म्हणजे काहीतरी असणार. तुमच्यामुळे वाचले."

मामांनी हात वर केला.

"दुखतंय?"

मामांनी मान नाही अशी हलवली.

"मग हलू नका हं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, बरं झालं, देवानेच सुबुद्धी दिली. आता सगळ्यांनी मिळून एक ठरवलीय. सात जणांची गाडी. मागे दोन रांगा. आत्याने तर खिडकीची जागाही धरली. उद्या पैसे भरायचेत."

मामांनी हात पुन्हा वर केला. या वेळी खाली घेतलाच नाही. छताकडे बघत, तोंडात नळी, एक हात वर. शाळेत उत्तर येणारं एकमेव मूल जसं दिसतं तसे ते दिसत असावेत. फक्त शाळेत त्यांना उत्तर कधी आलं नव्हतं.

डॉक्टरने यंत्र थांबवलं, नळी काढली. "काय झालं?"

अर्धा ओठ मामांच्या हुकमात नव्हता. उरलेल्या अर्ध्याने ते म्हणाले, "ती गाडी चांगली आहे."

"कुठली?"

"निळी. तिला मार नाही. मी पुरती तपासलीच नाही. नको म्हणालो."

डॉक्टरने मास्क खाली केला. "का?"

हनुवटीवरून लाळ ओघळत होती. ती त्यांना जाणवतही नव्हती. तिने कापसाने पुसली, सवयीने.

"मी घेतोय ती," मामा म्हणाले.

मागे कुठेतरी पाण्याची धार चालू होती. डॉक्टर त्यांच्याकडे बघत राहिली. मामांना तिच्या हातातलं ड्रिल दिसलं. मग तिने मास्क वर केला.

"तोंड उघडा," ती म्हणाली.

पुढचं काम तिने इतक्या हलक्या हाताने केलं की मामांना काही कळलं नाही. भूल उतरत आली तरी कळलं नाही. ती दुखवती तर बरं झालं असतं, हिशेब मिटला असता. तिने दुखवलं नाही. एक शब्दही बोलली नाही. शेवटी खुर्ची सरळ केली आणि म्हणाली, "चूळ भरा."

मामांनी भरली. अर्धी सदऱ्यावर पडली.

"मी उद्या सकाळी शेठकडे जाणार आहे," ती हातमोजे काढत म्हणाली. "पैसे घेऊन. तुम्हीही या. मला जे सांगितलंत ते त्यांना माझ्यासमोर सांगायचं. त्यांनाही तुम्ही खोटंच सांगितलंत ना? आणि चालेलकाकांना आणा. मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय."

"त्यांच्या?" मामा म्हणाले.

"हो मामा. सध्या तेच खरे वाटतायत."

मामींना त्यांनी सगळं सांगितलं. मामी एवढंच म्हणाल्या, "सदरा बदलून जा."

सकाळी पार्किंगमध्ये चौघे होते. काकांनी डॉक्टरला गालिचा उचलून आतला पत्रा दाखवला. एकेक गोष्ट समजावून सांगितली. डॉक्टर वाकून बघत होती. मामा गाडीपासून दूर, हात मागे बांधून उभे होते. कुणी सांगितलं नव्हतं, तरी.

"म्हणजे गाडी चांगली आहे?" शेठनी विचारलं.

"उत्तम आहे," मामा म्हणाले. "गेटलाच घासली होती. तुम्ही खरं बोलत होता."

"मग किंमत पहिली."

"पहिलीच," डॉक्टर म्हणाली.

शेठनी मान हलवली. मग मामांकडे वळले. "पण त्या दिवशी झालं काय होतं तुम्हाला?"

मामांकडे कारणं होती. पार्किंगमधला उजेड कमी होता. यंत्राची बॅटरी उतरली होती. दाढ दुखत होती, तीही डॉक्टरांच्याच देखरेखीखाली. रात्री अंथरुणात त्यांनी ती सगळी एकेक करून तपासली होती. वरून बरी दिसत होती. आतून प्रत्येकाला वेल्डिंग होतं.

"मला आवडली होती," मामा म्हणाले.

शेठना कळलं नाही. "आवडली म्हणून नापास केलीत?"

"हो."

काका छताकडे बघू लागले. डॉक्टरने खाली बघून किल्ली हातात घेतली. ती हसली की नाही, मामांना दिसलं नाही. त्यांनी बघितलंच नाही.

पैसे दिले गेले. डॉक्टर गाडीत बसली, आरसे जुळवले, शेजारचं दार आतून उघडलं. "बसा," ती म्हणाली.

मामा दोन पावलं पुढे झाले.

"तुम्ही नाही," ती म्हणाली. "काका."

काका बसले. त्यांना आत जायला बराच वेळ लागला. पोट आधी गेलं, ते मागून गेले. उताराच्या तोंडाशी गाडी एकदा बंद पडली, काकांचा आतून काहीतरी सांगणारा आवाज आला, मग गाडी सुरू झाली आणि वर उजेडात निघून गेली. बाहेरच्या रस्त्यावर तिने गिअर बदललेला ऐकू आला. मग तेही नाही.

तळघरात शेठ आणि मामा राहिले. रिकाम्या जागेवर तेलाचा डाग नव्हता. इतकी वर्षं उभी गाडी, आणि एक थेंब नाही. मामांनी ते पाहिलं आणि एक सुस्कारा सोडला.

शेठ जरा घुटमळले. "एक विचारू का? मला दुकानासाठी एक जुनी व्हॅन घ्यायची आहे. बघाल?"

मामांना वाटलं, टोमणा आहे. पण शेठचा चेहरा साधा होता. "तुम्ही मला विचारताय? अजून?"

"का नाही? नको कसं म्हणायचं ते तुम्हाला येतंच. आणि आता का म्हणता तेही मला कळलंय." शेठनी खांद्यावरचा टॉवेल झटकला. "सोफे वाहायची आहे हो. पांढरी, चौकोनी. तिच्यावर तुमचं मन जाईल असं वाटत नाही."

"माझं काही सांगता येत नाही," मामा म्हणाले. "बायकोला घेऊन येतो. मी व्हॅन बघेन. ती मला बघेल."